सव्वा लाख डॉलरच्या आधीची कामं : अमेरिकेत ड्रग-फ्री कम्युनिटीज अनुदानासाठी कोॲलिशन उभी करताना

शाळेच्या बाथरूममध्ये व्हेप (ई-सिगारेट) सापडल्याचा ईमेल आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहितं, "अहो, यासाठी फेडरल ग्रँट असते म्हणे. आपण अर्ज करूया की!" हा लेख त्या कोणीतरीसाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, शाळेत मुलं असणाऱ्या आणि अशा कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्या मराठी पालकासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना चिडचिड होणार नाही. या अनुदानाचा अर्ज हे काम सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी वर्षभर माणसं जमवून कोॲलिशन, म्हणजे गावातल्या निरनिराळ्या क्षेत्रांतल्या लोकांची आघाडी, उभी करायची, बैठका घ्यायच्या, त्यांची नोंद ठेवायची आणि मुलांचा सर्व्हे करायचा. हे झालं असेल तर अर्ज लिहिणं म्हणजे असलेलं कागदावर उतरवणं. झालं नसेल तर कितीही चांगला ग्रँट रायटर आणलात तरी तो कुठून काय उतरवणार?

पैशाच्या तीन थैल्या

नवखा माणूस इथेच गोंधळतो. 'ड्रग-फ्री कम्युनिटीज' म्हणजे डीएफसी हा तरुणांमधली नशा कमी करण्यासाठीचा कार्यक्रम १९९७च्या कायद्याने सुरू झाला. त्याची सूत्रं व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालयाकडे आहेत. रोजचा कारभार मात्र घरं बदलत आला. आधी न्याय खात्याकडे होता, मग साम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्य पाहणाऱ्या फेडरल संस्थेकडे गेला आणि २०२०पासून सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे आला. त्यामुळे जुन्या अर्जाचा नमुना कोणी पाठवला तर तो शिकायला वाचा, पण नियम मात्र त्या वर्षीच्या ताज्या सूचनापत्रातूनच घ्या.

पहिली थैली म्हणजे मूळ डीएफसी अनुदान. वर्षाला जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर, पाच वर्षांसाठी. नंतर पुन्हा स्पर्धेत उतरून आणखी पाच वर्षं मिळू शकतात. दहा वर्षांच्या पुढे नाही.

दुसरी थैली मार्गदर्शक अनुदानाची. ज्यांची कोॲलिशन पाच वर्षं तरी चाललेली आहे आणि ज्यांच्याकडे डीएफसी आहे, त्यांना शेजारच्या नव्या गावाला तयार करण्यासाठी वर्षाला ७५ हजार डॉलरपर्यंत, दोन वर्षं मिळतात. म्हणजे हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, पण शिकवणूक तुमच्या दारात येते. शेजारच्या काउंटीत अशी अनुभवी कोॲलिशन असेल तर माझ्या मते तिला फोन करणं हे तुमचं पहिलं काम. वेबसाइट वाचण्याच्याही आधीचं.

तिसरी थैली प्रशिक्षणाची. २००१मध्ये कायद्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा देशभरच्या कोॲलिशनांना शिकवण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था असावी असं ठरलं. हे काम कॅडका ही संस्था करत आली आहे. ती स्वतः १९९२ची, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाची. या प्रशिक्षणाच्या अनुदानाची जाहिरात पाहून "आपणही प्रशिक्षण देऊ" म्हणून अर्ज करायला धावू नका. ते देशपातळीवरच्या एका मोठ्या संस्थेसाठी आहे. तुम्ही त्या पैशाचे लाभार्थी, म्हणजे शिकायला बसणारे.

आधी गावात कोण आहे ते बघा

न्यू जर्सीत राहत असाल तर म्युनिसिपल अलायन्स नावाची, गावपातळीवर व्यसन रोखण्याचं काम करणारी यंत्रणा १९८९पासून आहे आणि बहुतेक गावांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते. बाकीच्या राज्यांतही काउंटीचं आरोग्य खातं, वायएमसीए, शाळेचा वेलनेस गट यांपैकी कोणीतरी काहीतरी करत असतंच. त्यांच्या बैठकीला जाऊन मागच्या खुर्चीत बसा. दोन-तीन वेळा जा, ऐका. एकाच भागात दोन कोॲलिशननी एकमेकींशी न बोलता अर्ज केले तर दोघीही अडचणीत येतात. आणि खरं सांगायचं तर दहातल्या सहा वेळा नवी कोॲलिशन काढण्याची गरजच नसते. चालू असलेल्या कोॲलिशनमध्ये पालकांची एक खुर्ची रिकामी असते, ती तुम्ही भरायची असते.

आणखी एक आपल्यातला मोह. "महाराष्ट्र मंडळाच्या नावाने अर्ज करू, आपल्याकडे पाचशे कुटुंबं आहेत." नको. डीएफसीला भूगोल लागतो. एक गाव, एक शाळा-जिल्हा, काही झिप कोड. मंडळाचे सभासद चार काउंट्यांत विखुरलेले असतात आणि त्यांची मुलं अकरा शाळांत. शिवाय मंडळ ही एकाच समाजाची संस्था, तर इथे गावातली सगळी माणसं एका टेबलाशी हवी असतात. मंडळाला त्या टेबलावर एक खुर्ची जरूर मिळते, ती पुढे सांगतो.

बारा खुर्च्या

कायद्याने बारा क्षेत्रं ठरवून दिली आहेत आणि प्रत्येकातला निदान एक माणूस हवा : अठरा किंवा त्याहून कमी वयाचा युवा, पालक, व्यापारी, प्रसारमाध्यम, शाळा, मुलांसाठी काम करणारी संस्था, पोलीस, धार्मिक किंवा बंधुभावी संघटना, नागरी स्वयंसेवी गट, आरोग्यक्षेत्र, व्यसनविषयात जाणकार असलेली सरकारी यंत्रणा आणि व्यसन कमी करण्याच्या कामातली आणखी एखादी संस्था.

एका माणसाने दोन खुर्च्या अडवायच्या नाहीत. तुम्ही डॉक्टर आहात, पालक आहात आणि मंदिराच्या समितीवरही आहात, तरी कागदावर तुम्ही यांपैकी एकच. कोणती निवडावी? जी भरायला सगळ्यात अवघड जाते ती. पालक मिळतात. पोलीसही मिळतात, एक बैठक चुकली तर पुढच्या वेळी दुसरा अधिकारी येतो. अडतं ते प्रसारमाध्यमांपाशी आणि व्यापाऱ्यांपाशी. स्थानिक वृत्तपत्रं बंद पडत चालली आहेत. अशा वेळी गावची केबल वाहिनी, कम्युनिटी रेडिओ किंवा गावच्या बातम्यांचं ऑनलाइन पत्र चालवणारी व्यक्ती यांच्याकडे जायचं. व्यापाऱ्यांमध्ये गॅस स्टेशनवाला किंवा लिकर स्टोअरवाला आला तर त्याला 'विरोधी पक्ष' समजू नका. ओळखपत्र न बघता कोण विकतो हे गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

मंडळ, ढोल-ताशा पथक, मराठी शाळा यांना नागरी स्वयंसेवी गट म्हणून किंवा मुलांसाठी काम करणारी संस्था म्हणून बसता येतं. आणि तिथे बसलेल्या मराठी माणसाचं एक खास काम असतं. "आपल्यात नाही हो असलं काही," हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. बेसमेंटमधला बार कुलपाविना असतो, पार्टीत काका-मामा पेला हातात घेऊन नाचतात आणि अभ्यासाच्या रात्री मुलं एकमेकांना एडीएचडीच्या गोळ्या देतात, हे मात्र कोणी बघत नाही. शिवाय गुटखा आणि पानमसाला ही नावं इथल्या सर्व्हेच्या प्रश्नपत्रिकेत सहसा नसतात, दुकानात मात्र असतात. हे सांगणारा माणूस त्या टेबलावर नसेल तर देशी मुलांचा प्रश्न गावच्या आकडेवारीत दिसतच नाही.

प्रत्येक क्षेत्राच्या प्रतिनिधीला सहभागाच्या करारावर सही करावी लागते. त्याच्या इंग्रजी नावाची (कोॲलिशन इन्व्हॉल्व्हमेंट अग्रीमेंट) आद्याक्षरं सीआयए होतात, त्यामुळे पहिल्या बैठकीत एक विनोद ठरलेलाच. तो होऊ द्या, पण सह्या त्याच दिवशी घेऊन टाका. शेवटच्या आठवड्यात पोलीस प्रमुख सुट्टीवर असतात.

सहा महिने आणि मिनिट्स

अर्ज करताना कोॲलिशन किमान सहा महिने चालू असलेली हवी आणि ते सिद्ध करायला बैठकीची मिनिट्स लागतात. मिनिट्स म्हणजे "सर्वांनी चर्चा केली, चहापान झाले" नव्हे. कोण आलं, कोणत्या क्षेत्रातर्फे आलं, कोणता आकडा समोर ठेवला, काय ठरलं, कोण ते करणार, कधीपर्यंत. सहकारी सोसायटीच्या सभेत इतिवृत्त लिहिण्याची सवय असलेला एखादा निवृत्त बँकवाला आजोबा असेल तर त्याला गाठा.

लिखित उद्देशातही तरुणांमधला नशेचा वापर कमी करणं हे मुख्य काम म्हणून स्पष्ट यायला हवं, आणि एकाच पदार्थावर न थांबता अनेक पदार्थांचा विचार हवा. फक्त व्हेपविरोधी मोहीम यात बसत नाही.

या अटी कायद्यातल्या आहेत. एक जरी राहिली, एखादी खुर्ची रिकामी किंवा एखादी सही नाही, तरी अर्ज गुणांकनापर्यंत पोचतच नाही. तुमची कल्पना किती सुंदर होती हे कोणी वाचतही नाही. हे क्रूर वाटतं, पण त्याचा फायदाही आहे. अटी नीट पाळणारं छोटं गाव नाव असलेल्या मोठ्या संस्थेच्या बरोबरीने स्पर्धेत उभं राहतं.

सर्व्हे

डीएफसी चार गोष्टी मोजते. गेल्या तीस दिवसांत मुलाने तो पदार्थ घेतला का, त्यात धोका आहे असं त्याला वाटतं का, आईवडिलांना ते चुकीचं वाटेल असं त्याला वाटतं का आणि मित्रांना वाटेल असं वाटतं का. पदार्थ मुख्यतः दारू, तंबाखू, गांजा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांचा गैरवापर. सहावी ते बारावीतल्या किमान तीन इयत्ता, त्यांत मिडल स्कूल आणि हायस्कूल दोन्ही, आणि दर दोन वर्षांनी ही माहिती द्यायची.

बघा, यातले तीन प्रश्न मुलाच्या मनातल्या समजुतीविषयी आहेत. वापर वाढण्याआधी समजूत ढिली होते, यावर ही सगळी मांडणी उभी आहे. एखाद्या राज्यात मोठ्यांसाठी गांजाची दुकानं उघडली (न्यू जर्सीत विक्री एप्रिल २०२२पासून सुरू झाली) की "कायदेशीर आहे म्हणजे फार वाईट नसणार" असा हिशेब आठवीतलं पोरही मांडतं. ते आधी धोक्याच्या आकड्यात दिसायला लागतं.

मिशिगन विद्यापीठाचं 'मॉनिटरिंग द फ्यूचर' सर्वेक्षण १९७५पासून चालू आहे आणि त्यातून देशाचं चित्र कळतं. तुलनेला ते जरूर वापरा, पण तुमच्या गावच्या आकड्याची जागा ते घेऊ शकत नाही.

इथे खरी वाटाघाट सुपरिंटेंडेंटशी, म्हणजे शाळा-जिल्ह्याच्या प्रमुखाशी असते. शाळेला भीती असते की आकडे फुटले तर गावातल्या घरांच्या किमती पडतील. (होय, हे कारण उघडपणे सांगितलं जातं.) तेव्हा आधीच लेखी ठरवा : नावं नसतील, शाळेनुसार आकडे वेगळे जाहीर होणार नाहीत, अहवाल आधी शाळा-मंडळ बघेल. पालकांची संमती कशी घ्यायची याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कुठे प्रत्येक पालकाची सही लागते, कुठे नको असेल त्याने कळवायचं असतं. सही लागत असेल तर फॉर्म परत येण्यातच दोन महिने जातात. हा वेळ वेळापत्रकात धरा.

"पण का?" आणि "पण इथेच का?"

आता अर्जाचं हृदय. कॅडकाच्या शिकवणीत लॉजिक मॉडेल (समस्या, तिची कारणं आणि उपाय जोडणारा तक्ता) करताना प्रत्येक समस्येला हे दोन प्रश्न विचारायला लावतात. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण इथेच बहुतेक गटांची दमछाक होते.

समजा आकडे सांगतात की अकरावीतली मुलं दारू पितात. पण का? सहज मिळते. हे उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही गावाला लागू पडेल, म्हणून त्यावर पैसे मिळत नाहीत. पण इथेच का? इथे उतरायचं जमिनीवर. दुकानदार ओळखपत्र काटेकोर बघतात, मग दारू येते कुठून? मुलांशी बोलल्यावर कळतं की मोठी घरं, दोघंही पालक कामासाठी वारंवार बाहेरगावी आणि बेसमेंटमध्ये भरलेला बार. पार्ट्या तिथे होतात. शेजाऱ्यांना कळतं, पण पोलिसांना बोलवायचा संकोच. आता उपाय आपोआप वेगळा दिसतो. शाळेत वक्ता बोलावून काय होणार? हवं ते बार कुलूपबंद ठेवण्याची मोहीम, पालकांनी एकमेकांना विचारण्याची पद्धत, आणि अल्पवयीनांना घरात दारू पिऊ देणाऱ्या यजमानाला जबाबदार धरणाऱ्या स्थानिक नियमाविषयी नगर परिषदेत चर्चा.

हे काम सात रीतींनी होतं असं कॅडकाकडे शिकवतात. माहिती देणं, कौशल्यं वाढवणं आणि आधार देणं या तीन रीती व्यक्तीवर काम करतात. उरलेल्या चार परिस्थितीवर : पदार्थ मिळणं अवघड करणं किंवा चांगल्या गोष्टी मिळणं सोपं करणं, परिणाम (बक्षीस किंवा दंड) बदलणं, जागांची रचना बदलणं आणि नियम बदलणं. आपल्याला पहिल्या तीन फार आवडतात. पोस्टर, व्याख्यान, निबंध स्पर्धा, प्रतिज्ञा. फोटोही छान येतात. १९८३मध्ये लॉस एंजलिसला सुरू झालेल्या डेअर कार्यक्रमाच्या जुन्या अभ्यासक्रमाचं मूल्यमापन झालं तेव्हा वर्गात पोलीस येऊन शिकवण्याने मुलांच्या वापरावर फारसा परिणाम होत नाही असं पुन्हा पुन्हा दिसलं. तेव्हा अर्जात नुसती व्याख्यानं भरू नका. फार्मसीत जुनी औषधं टाकायची पेटी, मैदानामागच्या अंधाऱ्या पार्किंगला दिवे, चॉकलेटांच्या शेजारून हललेली व्हेपची मांडणी, असल्या गोष्टी बातमीत कमी येतात आणि आकड्यांत जास्त.

नियम बदलण्यात एक खाच आहे. फेडरल पैशातून लॉबिंग करता येत नाही. नगर परिषदेला आकडे दाखवणं, प्रश्न समजावून सांगणं चालतं. अमुक ठरावाला मत द्या असं सांगणं अनुदानाच्या तासांत बसत नाही. ही रेघ कुठे ओढायची ते अनुदानाच्या सरकारी प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी विचारून ठेवा.

आणि हे अनुदान उपचारासाठी नाही. व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचं मुक्तांगण येतं. तसं केंद्र, समुपदेशन, पुनर्वसन यांना इथे पैसे मिळणार नाहीत. टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, समोसे यांवरही कडक बंधनं आहेत. समोसे आपापल्या खिशातून.

मॅच : इथे बरेच जण गळतात

सरकार जितकं देतं तितकंच तुम्ही गावातून उभं करायचं. पहिली सहा वर्षं शंभर टक्के, सातव्या-आठव्या वर्षी सव्वाशे टक्के, नवव्या-दहाव्या वर्षी दीडशे टक्के. म्हणजे सव्वा लाखावर शेवटी १,८७,५०० डॉलरचा हिस्सा तुमचा. तो रोख असायला हवा असं नाही. दिलेली जागा, दिलेला वेळ, फुकट मिळालेली जाहिरात, सगळं धरता येतं. दुसऱ्या फेडरल अनुदानाचे पैसे मात्र यात धरता येत नाहीत. त्याला अपवाद आदिवासी समुदायांसाठीच्या काही निधींचा.

हिशेब करून बघा. बारा माणसं, महिन्याला दोन तासांची बैठक, वर्षाचे २८८ तास. स्वयंसेवकाचा तास ३३ डॉलर धरला तर साडेनऊ हजारांच्या आसपास. उरलेले एक लाख पंधरा हजार कुठून आणणार? याचं उत्तर अर्जाआधी हवं. शाळा-जिल्हा खोली देतो का, स्थानिक पैशातून पगार घेणाऱ्या समुपदेशकाचे काही तास देतो का? गाव कार्यालय देतं का? वाहिनी जाहिरातीचा वेळ देते का? डॉक्टरचा तास डॉक्टरच्या दराने धरायचा तर त्या तासात त्यांनी डॉक्टरचंच काम केलेलं हवं. खुर्च्या मांडल्या तर दर खुर्च्या मांडणाऱ्याचा.

सव्वा लाख ही कमाल आहे, सक्ती नाही. ऐंशी हजार मागितले तर हिस्साही ऐंशी हजारांचाच. छोट्या गावाला हे जास्त शहाणपणाचं. आणि वेळाच्या पावत्या दर महिन्याला सहीनिशी गोळा करा. वर्षाअखेरी आठवून भरलेला तक्ता लेखापरीक्षक ओळखतो.

कागदपत्रं, थोडक्यात

स्वतःची नोंदणीकृत ना-नफा संस्था नसेल तर शाळा-जिल्हा, काउंटी किंवा वायएमसीएसारखी संस्था फिस्कल एजंट म्हणून पैसे सांभाळू शकते. मला तर नव्या गटासाठी हेच बरं वाटतं. सॅम डॉट गव्ह या फेडरल संकेतस्थळावर नोंदणी करून संस्थेचा युईआय क्रमांक घ्यायचा (जुना डन्स क्रमांक एप्रिल २०२२मध्ये गेला). यात पत्ता किंवा नाव जुळलं नाही तर आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून हे सगळ्यात आधी. अर्ज ग्रँट्स डॉट गव्हवरून, शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस तरी आधी.

प्रशिक्षण, अनुदान मिळाल्यावर आणि न मिळताही

अनुदान मिळालेल्या नव्या कोॲलिशनने पहिल्या वर्षी कॅडकाच्या नॅशनल कोॲलिशन अकादमीला जायचं असतं. वर्षात पसरलेले तीन आठवडे आणि मधल्या काळात गृहपाठ. प्रवास आणि मुक्काम अंदाजपत्रकात आधीच धरा. शिकवतात ती चौकट पाच पायऱ्यांची : गरज ओळखणं, क्षमता वाढवणं, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. शेवटी हातात गावचं मूल्यांकन, लॉजिक मॉडेल, कृती आराखडा, मूल्यमापनाचा आराखडा आणि पैसे संपल्यावर कसं टिकायचं याची योजना, असे खरे कागद येतात.

कोणाला पाठवायचं यावर भांडणं होतात. पगारी समन्वयक जाणारच. दुसरी जागा अध्यक्षांना मानाने देऊ नका. जो पुढची पाच वर्षं गावात राहणार आहे आणि परत येऊन बाकीच्यांना शिकवेल, त्याला द्या. समन्वयक नोकरी बदलतात. शिकलेलं सगळं त्यांच्या लॅपटॉपबरोबर निघून जातं, तेव्हा तो दुसरा माणूसच गटाला पुन्हा उभं करतो. मुलांचा गट तयार झाला असेल तर दर जुलैत होणाऱ्या कॅडकाच्या मध्यवर्षीय प्रशिक्षणाचाही विचार करा. तिथे युवांसाठी स्वतंत्र वर्ग असतात, आणि "पण इथेच का?" हा प्रश्न मुलं मोठ्यांपेक्षा पटकन सोडवतात.

अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. ते शेरे ओळीने बैठकीत वाचा. सर्व्हे तर हाताशी असतोच, बाराही खुर्च्या भरलेल्या असतात, मिनिट्सची फाइल जाड झालेली असते. दरम्यान गावच्या किंवा राज्याच्या छोट्या निधीतून औषधं परत घेण्याचा एक दिवस घ्या. डीईए या फेडरल अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा असा राष्ट्रीय दिवस २०१०पासून चालत आला आहे, एकदा वसंतात आणि एकदा शरदात. पोलीस, फार्मसी, शाळा, मंडळाचे स्वयंसेवक सगळे एका टेबलामागे उभे राहतात. किती पौंड गोळ्या जमल्या त्याची नोंद करा, प्रत्येकाचे तास लिहून सह्या घ्या आणि ती पानं पुढच्या अर्जाच्या फाइलमध्ये लावा.